काचा अजून जड आहेत

"बाबा, काच अजून जडच जातेय," लेक म्हणाली, तेव्हा मिस्त्री गाडीच्या दाराचे स्क्रू काढायला बसला.

जड जाणारच होती. त्यानेच तशी ठेवली होती.

चौदा वर्षांची जुनी गाडी. बटण दाबलं की काच आजाऱ्यासारखी कण्हत कण्हत वर यायची. आठ महिन्यांपूर्वी लेक ती पहिल्यांदा घेऊन आली, तेव्हा दुखणं खरं होतं. रबराच्या खाचांत मळ बसलेला, आतल्या पट्ट्यांवरचं ग्रीस वाळून दगड झालेलं. गॅरेजात जन्म काढलेल्या माणसाला अर्ध्या दिवसाचं काम. पण त्याने एकच दार केलं आणि बाकीची पुढच्या रविवारी बघू म्हणाला. पुढच्या रविवारी दुसरं सुधारलं, आणि पहिल्यात हळूच जुनं ग्रीस चोपडून ठेवलं.

बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. निदान रविवारी तरी घरात माणसाचा आवाज असायचा. मग काय, चारही काचा आळीपाळीने आजारी पडू लागल्या. शेजारचा शिंपी टोमणा मारायचा, की मिस्त्रींनी ट्रकची इंजिनं जिवंत केली आणि चार काचांनी त्यांना रडवलं. मिस्त्री ते हसण्यावारी न्यायचा आणि मनातल्या मनात ओशाळायचा.

त्या दुपारी लेक जेवता जेवता पेंगली. घास हातातच राहिला. सहा दिवस नोकरी, सातव्या दिवशी दोन तास येणं, दोन तास जाणं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मिस्त्रीने आपलं ताट बाजूला सारलं. पोटच्या पोरीला आपण खोट्या दुखण्यावर झुलवतोय, याची त्याला शिसारी आली.

तिला झोपू देऊन तो अंगणात गेला. चारही दारं उघडली. कपाटात चार महिने लपवून ठेवलेलं नवं रबर काढलं. खाचा पुसल्या, पट्ट्या धुतल्या, काचा वर-खाली करणाऱ्या मोटरींच्या तारांची टोकं घासली, सिलिकॉनचा फवारा मारला. कुठे काही राखून ठेवलं नाही.

लेक उठून आली. तिने बटण दाबलं, तशी काच सर्रकन वर गेली. चारही तशाच.

"झालं म्हणायचं," ती म्हणाली.

"झालं. आता काचांसाठी यायला नको तुला."

खरं सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती काचेकडेच बघत होती.

"बरं," म्हणाली आणि गाडीत बसली.

पुढच्या रविवारी त्याने एकट्यापुरताच स्वयंपाक केला. अकराच्या सुमाराला दारात हॉर्न वाजला.

"काय सांगू बाबा, पुन्हा जड झाल्यात," लेक म्हणाली.

"कुठली?"

"चारही." आणि पिशवी घेऊन ती लगबगीने स्वयंपाकघरात शिरली.

मिस्त्री चक्रावला. आपला हात गेला की काय? इतके दिवस केलेली लबाडी तर हाताला लागली नाही? त्याने दार उघडलं. रबर जागच्या जागी होतं, तारा स्वच्छ. पण खाचेत वरपासून खालपर्यंत काहीतरी चकाकत होतं, ब्रशने नीट ओढल्यासारखं, आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. दुसरं दार उघडलं, तिसरं, चौथं. सगळीकडे तेच.

त्याने बोट फिरवलं. चिकट लागलं. मागे एकदा बघून त्याने ते बोट जिभेला लावलं.

साखरेचा पाक होता.