पंखा काही बंद होईना

किल्ली काढली तरी गाडीतल्या हीटरचा पंखा घूं घूं करतच राहतो, ही तक्रार घेऊन गायनमास्तर पुन्हा गॅरेजमध्ये आले. मेकॅनिकने आधी स्विच बदलला होता, मग रिले; आज तो नीट कान लावून म्हणाला, "बंद आहे हो, मास्तर." मास्तरांशेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनेही मान डोलावली.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

"तूही याला सामील?" मास्तर कडाडले. "बेसूर पोरगं वर्गाबाहेरून ओळखणारा कान आहे हा! काढ तो पंखा बाहेर, माझ्या डोळ्यांदेखत."

मेकॅनिकने डॅशबोर्डखालून पंखा सोडवला आणि त्यांच्या हातात ठेवला.

 

पंखा तळहातावर निपचित पडला होता. घूं घूं मात्र चालूच होती.