युजुअलीचा पेपर

"युजुअली म्हणजे काय?" जैबुनबीने पुस्तकातून मान वर करून विचारलं.

"बहुतेक वेळा," गझाला कणीक मळता मळता म्हणाली. "ऑलवेज म्हणजे नेहमी, खंडच नाही. युजुअली जरा ढिलं. एखाद्या वेळी चुकलं तरी चालते."

"वाक्य?"

"वुई युजुअली ड्रिंक टी ॲट फाइव्ह."

"परवा तं सहाले झाला चहा."

"म्हणूनच युजुअली, अम्मी. ऑलवेज म्हटलं असतं तं खोटं झालं असतं."

जैबुनबीला ते पटलं. पुसदच्या त्या गल्लीत सासू-सुनेचा हा अभ्यास सगळ्यांना ठाऊक होता. बाहेरून दहावी द्यायची होती. बाकीचे विषय सुटले, पण इंग्रजीने दोनदा घात केला. शेजारच्या हंसाबाईंना बोलायला आयता विषय मिळाला.

"उमरखेडची सून आणली मोठी, पण दहावी काई निघून नाई राह्यली," त्या गझालाच्या तोंडावरच म्हणायच्या.

गझाला हसून सोडून द्यायची. जैबुनबीला मात्र ते फार लागायचं.

"काहून ऐकून घेतं? सांगून टाक ना तिले एकडाव."

"पास झाल्यावर, अम्मी."

"अन् पुन्हा नापास झालं तं?"

यावर गझाला पुढचा शब्द काढायची. दुसरं करणार तरी काय?

पेपरला दोघी बरोबरच गेल्या. जैबुनबीचे यजमान शब्बीरमियां यांनी गॅरेज बंद ठेवून त्यांना सोडलं. परतल्या तेव्हा हंसाबाई दारातच उभ्या होत्या.

"कसा गेला पेपर?"

"दिवसभर काय करता ते लिहाचं होतं," जैबुनबी म्हणाली. "युजुअलीच कामी आलं."

निकालाच्या दुपारी शब्बीरमियां ओट्यावर मोबाइल घेऊन बसले. नेट काही केल्या चालेना. जैबुनबीच्या ओठांवर दुवा होती आणि गझालाने तिचा हात घट्ट धरला होता.

"पास," शब्बीरमियां म्हणाले. "इंग्रजीत बावन्न."

जैबुनबी रडायलाच लागली. गल्ली जमली, पेढे आले. हंसाबाई जिभेने तिखट असल्या तरी मनाने वाईट नव्हत्या. त्या झेंडूचा हार घेऊन आल्या आणि सरळ गझालाच्या गळ्यात घालू लागल्या.

गझालाने त्यांचा हात हळूच धरला.

"हार अम्मीले घाला, काकू. मी तं लग्नाआधी उमरखेडले इंग्रजी शिकवत होती."