मिटलेले डोळे

“डोळे उघडलेत ना गं?” आंधळ्या तात्यांनी दरवर्षीसारखं विचारलं.

सीताफळाच्या खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या झाल्या, की फळाचे डोळे उघडले म्हणायचं. मगच ते उतरवायचं. यंदा मात्र चढा भाव हातचा जाईल म्हणून शेवंतानं निम्मी बाग घाईनं उतरवली होती. मळ्याबाहेरच्या तिच्या दुकानात आज सगळी गच्च मिटलेली फळं होती.

“उघडलेत की,” म्हणत तिनं तात्यांची पिशवी भरली.

“बरं झालं. तुझ्या सासऱ्यानंही मला कधी चाचपायला लावलं नाही.” पिशवी सावरताना तात्यांचं बोट एका फळावरून फिरलं आणि तिथंच थांबलं.

शेवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “तात्या, थांबा, मी...”

“असू दे पोरी,” तात्या हसले. “तांदळात ठेवतो. आज ना उद्या उघडतील डोळे.”