बोटभर खाली

“स्पॉयलर अर्धा इंच उजवीकडे सरकव,” तात्या म्हणाले.

ड्रिल हातात धरून मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिला. “वाकडा दिसेल, तात्या.”

“दिसू दे.”

“लोक माझ्या गॅरेजला नावं ठेवतील.”

“त्यांना माझ्याकडे पाठव. तू सरकव.”

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक म्हणजे देव, हे त्याला मान्य होतं. पण या देवाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तरी रंग मारण्याआधी सगळं किट एकदा कच्चं बसवून बघायची त्याची पद्धत होती, त्यामुळे नुकसान काही नव्हतं. त्यानं स्पॉयलर सरकवला, फोटो काढला आणि फोनवरच्या आपल्या पानावर टाकला.

गाडी तात्यांच्या मुलाची. सहा वर्षांपूर्वी त्यानं तिच्यासाठी बॉडी किट मागवलं होतं: पुढचा-मागचा बंपर, दारांखालच्या पट्ट्या, डिकीवरचा स्पॉयलर. खोकी दारात आली आणि तात्यांनी ती आल्या पावली परत पाठवली. “गाडी आहे की नवरी? नटवायला निघालाय!” असंही म्हणाले, तेही शेजाऱ्यांसमोर.  पोरानं किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला, तो गेलाच. नंबर बदलला. पत्ता कळू दिला नाही.

बोलायला तोंड होतं, ते तात्यांनी वापरलं. आता त्या किल्लीकडे त्यांना बघवत नव्हतं.

या मिस्त्रीच्या कामावर पोरगा जीव टाकायचा. त्यानं टाकलेले फोटो जेवताना साऱ्या घराला दाखवायचा, ताटातलं गार झालं तरी. म्हणून तात्यांनी शोधत शोधत हेच गॅरेज गाठलं. किट तेच मागवलं, पोरानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या चित्राबरहुकूम. असल्या मोरपंखी रंगाची गाडी दुसरी नव्हती. पोरगा जगात कुठंही असला तरी फोटो बघेल, आणि बघितला की ओळखेल.

बायकोला त्यांनी सांगितलं, गाडी विकली. करणार काय? सहा वर्षं ती दाराच्या आवाजाला कान लावून बसलेली. तिला आशा लावायची आणि पोरगा आलाच नाही, तर? एका घरात एकानं झुरलं तेवढं पुरे. ती उठली. शिलाई मशीनवर जाऊन बसली आणि दिवसभर एकच शिवण घालत आणि उसवत राहिली.

पहिले फोटो गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी पानावर एक ओळ उमटली. लिहिणाऱ्याचं नाव नाही, चेहरा नाही. ‘डाव्या दाराखालची पट्टी बोटभर खाली आहे.’

मिस्त्रीनं टेप लावली. पाऊण इंच! “मला समोर दिसलं नाही, आणि याला फोटोत दिसलं?”

तात्या स्टुलावर बसले. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं झालं, तर पोरगा भरल्या ताटावरून उठून सरळ करायचा. या बाबतीत मायलेक सारखेच. तात्यांना मात्र वाकडं काय नि सरळ काय, सगळं एकच.

“माझाच आहे तो,” ते म्हणाले. 

तेव्हापासून त्यांना नादच लागला. पट्टी सरळ झाली, की बंपर तिरका करायचा. बंपरवर लगेच ओळ आली: ‘उजवीकडे फट जास्त आहे.’ आणि आता स्पॉयलर. दुसऱ्या दिवशी सकाळी पानावर लिहिलेलं होतं: ‘मधोमध नाही. आणि उन्हात फार वेळ उभं राहू नये.’

तात्यांनी ते चारदा वाचलं. नाव घेत नाही, तू म्हणत नाही की तुम्ही म्हणत नाही. रुसवा अजून गेला नव्हता. पण काळजी होती, आणि काळजीला रुसवा कुठवर पुरणार?

घरीही बरं चाललं होतं. बायको पुन्हा गुणगुणायला लागली होती. चष्मा पुसून पुसून फोन बघायची आणि तात्या आत आले की पालथा ठेवायची. गाडीचं दुःख विसरली बिचारी, असं तात्यांनी मनाशी धरलं. नवऱ्यांना बायकोबद्दल जे कळतं, ते असं असतं.

शेवटी त्यांनाच धीर धरवेना. त्यांनी मिस्त्रीला लिहायला लावलं: ‘रविवारी सकाळी दहाला गॅरेजवर ये. तुझ्यासमोरच सरळ करू.’

घटकाभरात उत्तर आलं: ‘नक्की.’

रविवारी तात्यांनी दोनदा दाढी केली. “मित्राकडे जाऊन येतो,” ते म्हणाले. एरवी बायकोनं दहा प्रश्न विचारले असते. आज ती गॅसपाशी पाठमोरी होती, नुसतं हं म्हणाली.

गॅरेजमध्ये तात्या गाडीच्या पुढं, बंपरच्या आड, पालथ्या बादलीवर बसले. आपल्याला बघून पोरगा दारातूनच फिरायला नको. काय बोलायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. ‘चुकलो’ एवढंच. सहा वर्षांत तेवढाच शब्द तयार झाला होता.

दहाला पाच कमी असताना दारात पावलं थांबली. मग सावकाश डिकीपर्यंत आली. स्पॉयलरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं टेकत गेल्याचा आवाज झाला; कुणीतरी मोजत होतं. तात्यांच्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. गुडघ्यावर हात रेटून ते उठले.

ठेवणीतले कपडे, हातात गरम डबा, नाकावर चष्मा. तात्यांची बायको मिस्त्रीला विचारत होती, “ते बोटभर खाली लिहिणारी मीच. ही गाडी विकत घेणारा माझा मुलगा कुठंय?”