साबणाचा दिवस

सकाळी संडासात नवा साबण दिसला आणि शिलाई विभागातल्या, परमुलखातून कामाला आलेल्या बायकांची बडबड थांबली. साबण म्हणजे तपासणी. एरवी कुलूपबंद असणारं मागचं दारही आज सताड उघडं होतं. संडासाला गेलेल्या बाईची मिनिटं मोजतो म्हणून ज्या सुपरवायझरला सगळ्या जणी 'घड्याळ' म्हणायच्या, तो तर आज चक्क हसत होता. ते हसू बघून थोरलीने मान खाली घालून मशीन सुरू केलं.

घड्याळाने तिच्या बहिणीला, धाकटीला, राहायच्या खोलीतच थांबायला लावलं होतं. हजेरीच्या कागदावर आज तिचं नावसुद्धा नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी कॉलर दाबायच्या मशीनमध्ये धाकटीचा उजवा हात सापडला. कारखान्याच्या कंपाउंडरने पट्टी बांधली, हाडं वाकडीच जुळली. आता ती पॅकिंगला बसून डाव्या हाताने कॉलरमध्ये पुठ्ठे सरकवायची. सुरुवातीला रिकाम्या वेळात किमतीच्या चिठ्ठ्यांच्या मागे डाव्या हाताने अक्षरं गिरवायची. "बालवाडीत नाव घातलं वाटतं," असं थोरली तिला चिडवायची. महिन्याभरात तो नाद सुटला.

शेजारच्या खाटेवरच्या बाईने मायदेशी दवाखान्यात काम केलं होतं. अजून ऑपरेशन झालं तर बोटं हलतील, पण आता दिवस घालवू नका, असं तिने बजावलं होतं. जायचं कुठे? पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात. आणि एकदा मायदेशी धाडलं की कंपनी हात वर करणार, म्हणणार, हात तिकडेच मोडला.

म्हणून आज बोलायचं, असं थोरलीने ठरवलं होतं. फक्त येणारा माणूस खरा हवा होता.

कारण तपासणी दोन तऱ्हेची असायची. खरी तपासणी शर्ट विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची. खोटी मॅनेजरची स्वतःची. कोण तोंड उघडतं ते बघायला तो कुणालातरी टाय बांधून पाठवायचा. साबण दोघांनाही सारखाच. मागच्या वेळी पाच जणींनी एका चष्मेवाल्यापुढे मन मोकळं केलं. चौथ्या दिवशी पाचही जणी विमानात होत्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर दूध कुठलं नि ताक कुठलं तेच कळेनासं झालं होतं.

तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. जेवणाच्या खोलीत मधल्या वयाचा एक माणूस बसला होता. गळ्यात टाय नव्हता, बुटांवर धूळ होती. मॅनेजरने पाठवलेला चहा त्याने तसाच ठेवला होता. घड्याळाला बाहेर काढून त्याने स्वतः उठून दार लावलं. हा खरा, असं तिला वाटलं.

तेवढ्यात त्याने विचारलं, "जेवलात का?"

तिच्याच भाषेत. घरच्या माणसासारखं. परदेशी कंपनीचा माणूस आपली भाषा इतकी साफ कशी बोलतो? अशी माणसं मॅनेजरच हुडकून आणतो. "जेवले," एवढंच ती म्हणाली.

त्याने कामाचे तास विचारले, सुट्टीचं विचारलं. ती मोघम बोलत राहिली. मग त्याने पेन खाली ठेवलं आणि इथे कुणाच्या हाताला इजा झालीय का, असं हळूच विचारलं. थोरलीच्या सगळं अगदी ओठांवर आलं. आणखी एका क्षणात ती बोललीच असती.

"तुमची बहीण आहे का इथे?"

हजेरीत नाव नाही, समोर धाकटी नाही, मग बहीण असल्याचं याला कुणी सांगितलं? ऑफिसशिवाय सांगणार कोण? किती गोड बोलून खड्ड्यात उतरवत होता!

"नाही साहेब," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."

"नीट विचार करून सांगा. घाई नाही."

"एकटीच आहे. कुणाला काही झालेलं नाही. आठ तास काम, आठवड्याला सुट्टी, पासपोर्ट आमचा आमच्याजवळ." पाठ केलेलं सगळं तिने एका दमात म्हणून टाकलं.

त्याने कागद पुढे सरकवून तिची सही घेतली. सगळ्यांचं हेच म्हणणं आहे, तेव्हा तक्रारीत तथ्य नाही असं लिहून आजच परत जातो, असं म्हणून त्याने बॅग बंद केली. त्याचा चेहरा पार उतरला होता. शिकार हुकली म्हणून असेल, असं मनाशी म्हणत ती बाहेर पडली.

जिन्याच्या खिडकीतून तिला त्याची गाडी फाटकाबाहेर जाताना दिसली. मॅनेजर दारात उभा राहून रुमालाने मान पुसत होता. आपल्याच पाठवलेल्या माणसासाठी याला एवढा घाम का फुटावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण घड्याळ साबण गोळा करायला निघाला होता आणि जेवणाची सुट्टी संपायला थोडीच मिनिटं उरली होती. ती पळतच खोलीकडे गेली. आपण वाचलो, दोघी वाचलो, हे धाकटीला कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

धाकटी खाटेवर बसली होती. डाव्या हाताने कशीबशी वेणी घातलेली, अंगात ठेवणीतले कपडे, पायाशी भरलेली पिशवी. थोरलीला बघताच ती उठून उभी राहिली. इतक्या महिन्यांत थोरलीने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"ताई, विचारलं ना त्यांनी तुला? एका शर्टाच्या खिशात मी चिठ्ठी घातली होती, तुला मुद्दाम बोलले नव्हते. शेवटी लिहिलं होतं, खोटं वाटलं तर इथे माझी बहीण आहे, तिला विचारा. ती कधी खोटं बोलत नाही."