तिवरपाडा हॉल्ट

“इथे स्टेशन? मावशी, थापा मारायच्या तर जरा बेताच्या मारा,” मितेश दारातूनच म्हणाला.

सगुणाबाईंनी हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. बिल्डरचा हा माणूस घाटकोपरच्या त्या बैठ्या वस्तीत तिसऱ्यांदा आला होता. जुना रहिवास सिद्ध करेल त्याला नव्या इमारतीत फ्लॅट, बाकीच्यांनी सामान उचलायचं. रेशनकार्ड, वीजबिलं, सगळं त्यांनी दाखवलं होतं. प्रत्येक कागदावर तो नाक मुरडायचा.

“माझे सासरे, तुळशीदास, तिवरपाडा हॉल्टावर दिवे लावायचे,” सगुणाबाई म्हणाल्या. “इथून मिठाच्या गोण्या चढायच्या, गवताचे भारे चढायचे. सहा वर्षं गाडी इथे थांबायची, मग सायबाने रूळ उचलून नेले. सासरे मात्र इथेच राहिले.”

“कोणी पाहिलंय? परवा येऊन झोपडं टाकलंत आणि आज इतिहास सांगताय.”

“परवा? मेल्या, नव्वद वर्षं झाली!”

“वर्षं राहू देत. नेमकं कुठे होतं, ते सांगा.”

“आई,” सून कल्पिता हळूच म्हणाली, “आधी वकिलांना विचारूया ना.”

“तू गप गं! चोर म्हणतोय तो आपल्याला.”

सगुणाबाईंनी कोपऱ्यातलं पिंप सरकवलं आणि कोयतीने शहाबादी फरशी उचकटली. खाली काळ्या दगडाची घडीव कड होती. तिच्यावर रेल्वे कंपनीची अक्षरं कोरलेली.

“ही फलाटाची कड. वाच, डोळे फाडून वाच.”

मितेश पहिल्यांदाच बूट काढून आत आला. गुडघ्यांवर बसून त्याने दगडावरची माती पुसली, फोटो काढले, टेप लावली.

“या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत?”

“अख्खं घर फलाटावर उभं आहे. आता बोल की! आता का दातखीळ बसली?”

“चुकलो, मावशी.” तो इतक्या नरमाईने बोलला की कल्पिताने चमकून त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही सांगितलंत तसंच लिहून घेतो. खाली सही करा.”

सगुणाबाईंनी चष्माही न लावता मोठ्या अक्षरांत सही ठोकली.

कागद फाइलीत घालून मितेश बाहेर पडला आणि गल्लीतच त्याने फोन लावला.

“साहेब, चौदा नंबरच्या म्हातारीने सही दिली. घर रेल्वेच्या जागेत आहे, आपल्या प्लॉटवर नाही. तिचा फ्लॅट कापा.”