फक्त लिहिण्यापुरतं

वृद्धाश्रमाच्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या नावाखाली तक्रारींचं पान हवं होतं. "लिहू देत बिचारे, मन मोकळं होतं," मॅनेजरबाई प्रोग्रामरला म्हणाल्या. "पण वाचायची सोय कुणालाच नको." त्याने वेबसाइटच्या कोडमध्ये एक ओळ टाकली आणि लिहिण्याखेरीज बाकी सगळ्या वाटांना कडी घातली.

वर्षभराने त्याने स्वतःच्या वडिलांना तिथेच आणून ठेवलं.

"रोज लिहितोय रे," वडील फोनवर म्हणाले. "तूच बनवलंयस, म्हणून भरवसा आहे. वाचतोस ना?"

"अगदी रोज, बाबा."

पुढच्या भेटीत मॅनेजरबाईंनीच ओशाळून विचारलं, "बाबांचं पान तुमच्यापुरतं वाचायला उघडून घेता का? एका ओळीचं तर काम."

"राहू दे हो," तो म्हणाला. "उगाच जिवाला घोर कोण लावून घेणार?"